रोजचं वचन आणि आजचा दिवस: बायबल वाचनातून स्वतःसाठी धडा कसा काढायचा

माझ्या जुन्या वह्यांमध्ये एक वही अशी आहे, जिची ओळीनं वीस-बावीस पानं जवळपास सारखी आहेत. वर तारीख, खाली शास्त्रभाग, त्याखाली ‘आजचा धडा’. एका दिवशी ‘प्रेम करावे’. दुसऱ्या दिवशी ‘क्षमा करावी’. तिसऱ्या दिवशी ‘देवावर विश्वास ठेवावा’. चौथ्या दिवशी पुन्हा ‘प्रेम करावे’. त्याच तीन आठवड्यांत माझं आणि माझ्या चुलतभावाचं सामाईक विहिरीच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं. त्या वहीत एकाही पानावर ना ती विहीर आहे, ना त्याचं नाव.

ती वही मी जपून ठेवली आहे, कारण माझं काय चुकत होतं ते तिच्यात स्वच्छ दिसतं. वाचन रोज होत होतं, प्रार्थना होत होती. पण वचन एका बाजूला आणि माझा दिवस दुसऱ्या बाजूला. आपल्या जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड, नांदेडकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रोज बायबल उघडणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वाचणारे कमी नाहीत. अडचण येते ती पुस्तक मिटल्यावर. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आरशात तोंड पाहून निघून जाणारा आणि आपण कसे दिसतो ते लगेच विसरणारा माणूस आहे. त्या आरशासमोर थोडं थांबायचं कसं, एवढंच इथे सांगायचं आहे. ही रीत मी काही वर्षं स्वतः वापरली आहे आणि आमच्या घरोघरच्या प्रार्थनेतल्या लोकांबरोबरही वापरली आहे.

आधी वेळ आणि जागा

प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असं मार्क १:३५ मध्ये आहे. जमत असेल तर पहाटच चांगली. पण शेतीवाल्याची पहाट त्याच्या हातात असतेच असं नाही. रात्रीची लाईट असली तर माणूस पहाटे चारला मोटार बंद करून घरी येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांना सकाळी श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून माझं सांगणं असं की घड्याळाची वेळ धरू नका, रोज होणारं एखादं काम धरा. चहा झाल्यावर, किंवा धार काढून आल्यावर, किंवा मुलं शाळेत गेल्यावर. त्या कामाला वाचन बांधून टाका. ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असणाऱ्या आमच्या एका बहिणीनं कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, नव्या कराराची छोटी प्रत पिठाच्या डब्यावर ठेवली होती. भाकरी करायला डबा उघडायचा म्हणजे आधी पुस्तक उचलायला लागायचं. तिचं वाचन सबंध हंगामात मोडलं नाही.

वीस मिनिटं पुरतात. वही आणि पेन मात्र बायबलजवळच पाहिजे. शोधायला उठलात की गेलं.

काय वाचायचं

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन मानायचं, ही सवय आपल्याकडे पुष्कळ आहे. ती सोडा. बायबल म्हणजे चिठ्ठी उचलण्याची पेटी नव्हे. एक पुस्तक घ्या आणि ते संपेपर्यंत त्यातच राहा.

नव्यानं सुरू करणाऱ्यानं मार्कचं शुभवर्तमान घ्यावं, म्हणजे मार्कनं लिहिलेली येशूची कथा. सोळाच अध्याय आहेत आणि कथा भरभर पुढे जाते. मग फिलिप्पैकरांस पत्र, चार अध्याय. मग रूथ, तेही चार. त्यानंतर उत्पत्ती. स्तोत्रं मध्ये मध्ये असू द्यावीत. संपूर्ण नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर बरोबर बावन्न आठवड्यांत पुरा होतो, आणि शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मिळतो. सगळं बायबल १,१८९ अध्यायांचं आहे, म्हणजे वर्षात संपवायचं तर रोज तीनाहून जास्त. ते वाचन चांगलंच आहे, पण ते ओळख होण्यासाठी. धडा काढण्यासाठी तीन अध्याय फार होतात. त्यासाठी दहा-पंधरा वचनं बस. कॅथलिक बंधुभगिनींना मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, रोजचे शास्त्रपाठ ठरलेले असतात; त्यांनी त्यातलं शुभवर्तमान घ्यावं, वेगळी योजना शोधायची गरज नाही.

वाचायचं कसं

एका ओळीची प्रार्थना करा: ‘प्रभू, तू बोल, मी ऐकतो आहे.’ शमुवेलानं लहानपणी म्हटलेली हीच आहे. मग तो भाग मोठ्यानं वाचा. घरात कोणी झोपलेलं असेल तर पुटपुटत, पण ओठ हलले पाहिजेत. नुसत्या डोळ्यांनी वाचताना आपण ओळखीच्या वचनांवरून घसरत जातो. दुसऱ्यांदा वाचताना ज्या शब्दापाशी अडखळलात त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा.

‘नीतिमान’, ‘समेट’, ‘कृपा’ हे शब्द आपण रविवारी सतत ऐकतो, पण विचारलं तर अर्थ सांगता येत नाही. अशा वेळी दुसरं भाषांतर उघडा. बायबल सोसायटीच्या जुन्या वळणाच्या मराठीबरोबर सोप्या मराठीतलंही बायबल मिळतं, मोबाईलवर फुकट मिळतं, ऐकण्याचीही सोय आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. साध्या, कमी शिकलेल्या बायांना ते कळावं हा त्यांचा ध्यास होता. वचन कळणं हा आपला हक्क आहे असं त्या बाईला वाटत होतं. आपण न कळता पुढे जाऊ नये.

‘तिथे’ काय झालं ते आधी पाहा

ही पायरी लोक गाळतात, आणि इथेच सगळं बिघडतं. मला काय सांगितलं, हे विचारण्याआधी त्यांना काय सांगितलं होतं ते विचारायचं. कोण बोलतंय? कोणाशी? त्या वेळी त्यांच्यावर काय गुदरलं होतं?

यिर्मया २९:११ घ्या. तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव म्हणतो. हे वचन आपल्या किती घरांच्या भिंतीवर आहे! पण त्याच्या वरचंच वचन वाचा. हे पत्र बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि देव त्यांना सांगतोय की सुटका सत्तर वर्षांनी होईल. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ती सुटका पाहणारच नव्हते. त्यांना काय करायला सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या परक्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पोराला नोकरी लागावी म्हणून आपण अकरावं वचन घेतो. पाच, सहा आणि सात घेतली तर पुण्याला भाड्याच्या खोलीत राहून गावाची वाट पाहणाऱ्या त्याच पोराला केवढा धडा आहे!

फिलिप्पै ४:१३ ची तीच गत. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे परीक्षेच्या पॅडवर लिहिलेलं मी पाहिलं आहे. पौल बंदिवासातून लिहितोय, आणि ‘सर्वकाही’ म्हणजे काय ते आदल्याच वचनात आहे: पोट भरलेलं असताना राहणं आणि उपाशी असताना राहणं, भरपूर असताना आणि टंचाईत. नापास झालेल्या मुलालाही हे वचन तितकंच लागू पडतं. त्याला ते कोणीतरी सांगायला हवं.

मग चार प्रश्न

तिथलं कळलं की हे चार प्रश्न विचारायचे. देव इथे कसा दिसतो? माणूस इथे कसा वागला, चांगला की वाईट? इथे माझ्यासाठी आज्ञा आहे, अभिवचन म्हणजे देवानं दिलेला शब्द आहे, की इशारा? आणि माझ्या घरात, वावरात, कामावर हे आत्ता कुठे आहे? पहिला प्रश्न कधीही गाळू नका. तो गाळला की धडे नुसते सुविचार होतात, शाळेच्या फळ्यावरच्यासारखे.

एक भाग सविस्तर घेऊ. उत्पत्ती २६, वचनं १२ ते २५. देशात दुष्काळ पडलेला. इसहाक गरार इथं राहतो, त्या वर्षी पेरतो आणि त्याला शंभरपट पीक येतं. पलिष्टी जळतात. त्याच्या बापानं, अब्राहामानं, खणलेल्या विहिरी ते मातीनं बुजवतात. राजा म्हणतो, इथून निघ. इसहाक खोऱ्यात जातो, त्या विहिरी पुन्हा उकरतो, बापानं दिलेली नावंच पुन्हा देतो. त्याच्या चाकरांना जिवंत झरा लागतो. गरारचे गुराखी म्हणतात, पाणी आमचं. तो त्या विहिरीला एसेक, म्हणजे झगडा, असं नाव ठेवतो आणि दुसरी खणतो. तिच्यावरूनही भांडण. तिचं नाव सिटना, वैर. तो पुढे जाऊन तिसरी खणतो. तिच्यावरून कोणी भांडत नाही. तिचं नाव रहोबोथ, ऐसपैस जागा.

मराठवाड्यातल्या माणसाला या अध्यायावर टीका-ग्रंथ लागत नाही. विहीर खणणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. मुरूम लागतो, मग खडक, मग सुरुंग, मग कर्ज. आणि पाणी लागलं की भाऊबंदकी. इसहाकानं दोनदा पाणी लागलेली विहीर सोडली, यातलं मोल आपल्याला कळतं.

मी हा भाग वाचला तेव्हा मार्च महिना होता. विहीर आजोबांच्या काळची, सातबाऱ्यावर निम्मा-निम्मा हिस्सा. चुलतभावाची मोसंबी, माझा गहू. माझ्या पाळीला तो मोटार चालू करायचा, मी जाऊन बंद करायचो. हक्काच्या हिशोबानं मीच बरोबर होतो. चार प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर वहीत लिहिलं: देवानं इसहाकाला विहीर सोडल्यावर गरीब केलं नाही, चोविसाव्या वचनात तोच म्हणतो, भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे. दुसऱ्याचं: इसहाक निघून गेला, पण पाणी शोधणं त्यानं सोडलं नाही. (याच अध्यायात त्यानं भीतीपोटी बायकोला बहीण म्हटलंय. शास्त्र माणसाची चूक लपवत नाही, म्हणून त्याच्या चांगल्या वागण्यावरही माझा विश्वास बसतो.) तिसऱ्याचं: आज्ञा नाही, पण अभिवचन आहे. चौथ्या प्रश्नापाशी पेन थांबलं. मग लिहिलं: ‘माझा गहू एक पाणी कमी मिळालं तर दोन-तीन पोती कमी देईल. त्याची बाग वाळली तर सात-आठ वर्षं जातील. या आठवड्यातल्या माझ्या दोन पाळ्या त्याला. आज संध्याकाळी सांगणे. उपकार केल्यासारखं न बोलता.’

बावीस पानांनंतर वहीत पहिल्यांदा विहीर आली.

एका भागाचा कायदा करू नका

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. इसहाकानं विहिरी सोडल्या म्हणून प्रत्येकानं प्रत्येक वेळी हक्क सोडावा, असा नियम या अध्यायातून निघत नाही. १ राजे २१ मध्ये नाबोथानं वडिलोपार्जित द्राक्षमळा राजालाही द्यायला नकार दिला, आणि शास्त्र त्याला दोष देत नाही. दोष देतं ते त्या राजाला, अहाबाला. नवऱ्यामागे दीर-भावजय जमीन बळकावत असतील अशा विधवेला इसहाकाची गोष्ट सांगणं हे पाप आहे असं मी मानतो. तिचा धडा नाबोथाकडे आहे. तसंच घरात मार खाणाऱ्या बाईला अधीनतेचं वचन दाखवून परत पाठवणं. ज्याला सोसायचं नाही त्यानं सोसणाऱ्यासाठी धडा काढू नये. धडा आधी स्वतःसाठी असतो. ‘हे अमक्यानं ऐकायला पाहिजे होतं’ असं वाचताना मनात आलं, तर तो भाग पुन्हा पहिल्यापासून वाचा.

शिवाय शास्त्रात जे घडलं ते सगळं करायला सांगितलेलं नाही. शास्ते ११ मध्ये इफ्ताहानं लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन असा नवस केला, आणि सामोरी आली ती त्याची मुलगी; तो नवस घडला म्हणून लिहिला आहे. आपण तसे नवस करावेत म्हणून नव्हे.

एका ओळीत लिहा, पण कोण आणि कधी यासकट

जालन्याजवळचं बेथेल हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलं. ते नाव उत्पत्ती २८ मधलं आहे. इसहाकाचा मुलगा याकोब, त्यानं रात्री उशाला घेतलेला धोंडा सकाळी उभा केला, त्यावर तेल ओतलं आणि त्या जागेला बेथेल, देवाचं घर, म्हटलं. स्वप्न विसरलं जाऊ नये म्हणून धोंडा. आपली वही म्हणजे तोच धोंडा. तारीख घाला, शास्त्रभाग घाला, आणि एकच ओळ लिहा.

त्या ओळीत माणसाचं नाव हवं, काम हवं आणि वेळ हवी. ‘रागावर ताबा ठेवावा’ ही ओळ नव्हे. ‘आज दुपारी मुलगा मार्कशीट दाखवेल तेव्हा आधी पाणी पिईन, मग बोलेन’ ही ओळ. ‘प्रामाणिक राहावे’ नव्हे. ‘कृषी केंद्राच्या दुकानात गेल्या आठवड्यात दोनशे रुपये जास्त परत आले, ते आज नेऊन देणे.’ लूक १९ मध्ये जक्कय या जकातदारानं मोघम पश्चात्ताप सांगितला नाही. निम्मं गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट, असा आकडा सांगितला. ओळीत आकडा किंवा नाव नसेल तर ती पुन्हा लिहा.

दिवसाला एकच. तीन लिहिल्या तर एकही होत नाही.

संध्याकाळी कोणीतरी विचारणारं हवं

माझ्या आईला वाचता येत नव्हतं. सकाळी मी वाचायचो, ती सूप घेऊन पाखडत ऐकायची. संध्याकाळी जेवताना हमखास विचारायची, “सकाळचं काय होतं रे? मग केलंस का?” ती गेल्यावर कळलं की माझे निम्मे धडे त्या प्रश्नाच्या धाकानं पार पडले होते. घरी कोणी असेल तर त्याला ही जागा द्या. नसेल तर मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला आठवड्यातून एकदा वही दाखवा. ज्याला वाचता येत नाही त्यानं मोबाईलवर ऐकावं आणि नातवाला किंवा शेजारणीला एक वाक्य सांगावं. लिहिण्याइतकंच ते चालतं.

झालं नाही तर वहीत ‘झालं नाही’ एवढंच लिहा आणि क्षमा मागून झोपा. दुसऱ्या दिवशी नवा धडा न शोधता तोच पुन्हा घ्या.

ज्या दिवशी काही निघत नाही

वंशावळ येते, लेवीयातले अर्पणांचे नियम येतात, किंवा मनच जागेवर नसतं. अशा दिवशी पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहा, देव इथे कसा दिसतो, आणि पुस्तक मिटा. ओढूनताणून धडा काढू नका.

आणि दुःखातल्या माणसाकडून तर अजिबात नको. सोयाबीन पाण्यात गेलं, बँकेची नोटीस आली, अशा घरी जाऊन ‘यातून देव काय शिकवतोय ते बघा’ म्हणू नये. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं. त्याला शेवटी आशेचं वचन जोडलेलं नाही. ते तसंच वाचून त्या माणसाशेजारी बसावं. हबक्कूक ३:१७-१८ वाचायचं तर आपल्या पिकांची नावं घालून वाचून पाहा: कापूस न फुटला, तुरीला शेंग न धरली, मोसंबी वाळून गेली, गोठ्यात जनावर न राहिलं, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे ज्याचं त्यानंच म्हणायचं असतं, दुसऱ्यानं त्याच्या तोंडी घालायचं नसतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या घरोघरच्या प्रार्थनेत १ राजे १७ वाचलं होतं, सारफथच्या विधवेचं. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, तरी तिनं त्यातली भाकर आधी एलीया संदेष्ट्याला दिली. वाचून झाल्यावर कोणी काही बोललं नाही. एक म्हातारी उठली आणि तिच्या टँकरच्या वाट्यातली एक घागर शेजारच्या बाळंतिणीच्या दारात ठेवून आली. त्या दिवसाचा धडा कोणी लिहिला नाही.

महिनाअखेर वही उलटून वाचा

पगार झाल्यावर किंवा बाजाराच्या दिवशी, तुम्हाला आठवेल असा एक दिवस धरा. अर्धा तास काढून सबंध महिन्याच्या ओळी एकामागे एक वाचा. ‘झालं नाही’ कुठे कुठे आहे ते पाहा. कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते ते पाहा. वेगवेगळ्या पुस्तकांतून एकच धडा तीनदा आला तर तो घेऊन पाळकसाहेबांकडे जा, मोकळं बोला, आणि तुम्ही वचन वाकडं वाचत नाही ना तेही विचारा.

त्या मार्चच्या शेवटी मी वाचायला बसलो तेव्हा चुलतभावाचं नाव चार वेळा आलं होतं. उत्पत्तीतून, मत्तय ५ मधून, रोमकरांस १२ मधून आणि एका स्तोत्रातून. दोन ठिकाणी पुढे ‘झालं नाही’. पाळ्या दिल्या होत्या, पण बोललो नव्हतो. निरोप मुलाच्या हाती पाठवला होता. त्या संध्याकाळी मी विहिरीवर गेलो. तो मोटारीपाशी उकिडवा बसून फूटव्हॉल्व्ह साफ करत होता. मी खाली बसून दोरी धरली. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. मग तो म्हणाला, “दादा, जरा ताणून धर.”

त्या तारखेपुढे वहीत एवढंच आहे: ‘दोरी धरली.’